त्लिंगिट कोण आहेत? त्यांची भाषा धोक्यात का आली?

अलास्काचा आग्नेय किनारा आणि त्याला लागून असलेला कॅनडाचा भाग ही त्लिंगिट या आदिवासी समाजाची भूमी. ‘त्लिंगिट’ म्हणजे ‘माणसे’. सॅमन मासा हा त्यांच्या जगण्याचा मोठा आधार.

हा समाज मातृवंशीय आहे. मूल आईच्या कुळाचे मानले जाते. सगळी कुळे डोमकावळा आणि गरुड (काही ठिकाणी लांडगा) अशा दोन गटांत विभागलेली असून, परंपरेनुसार लग्न दुसऱ्या गटातच होते. मुलाला घडवण्याची जबाबदारी वडिलांपेक्षा मामावर असे.

त्यांच्या भाषेत प आणि ब हे ध्वनीच नाहीत. मात्र घशातून आणि जिभेच्या कडेने काढायचे कितीतरी उच्चार आहेत.

ही भाषा आपोआप मागे पडली नाही. शाळेत ती बोलणाऱ्या मुलांना शिक्षा व्हायची. पुढे त्याच मुलांपैकी अनेकांनी आपल्या मुलांना ती शिकवलीच नाही. आज अस्खलित बोलणारे मोजकेच उरले आहेत, तेही बहुतेक वृद्ध.

२०१४ मध्ये अलास्काने त्लिंगिटसह २० मूळ भाषांना अधिकृत दर्जा दिला. जुनो येथील विद्यापीठात तरुण ती शिकत आहेत. त्यांनी शिकायचा पहिला शब्द म्हणून ‘गुनाल्चीश’ लक्षात ठेवा. अर्थ : धन्यवाद.