तुटलेली गोळी

1 एप्रिल 2004 रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयासह देशातल्या आठ सरकारी रुग्णालयांत एचआयव्हीची औषधं मोफत मिळू लागली. पण गोळ्या मोठ्यांच्या मापाच्या. लेकरासाठी आई तीच गोळी सुरीनं तोडायची: एक तुकडा मोठा, एक लहान, खाली थोडा भुगा. त्या भुग्यातच मात्रा चुकायची, आणि मात्रा चुकत राहिली की विषाणू औषधाला दाद देत नाही.

30 नोव्हेंबर 2006 ला मुलांसाठी राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला. वजनानुसार, पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या आल्या.

पण औषधासाठी भंडाऱ्याहून नागपूर गाठायचं तर साठेक किलोमीटर. धानाच्या रोवणीत एका फेरीला मजुरी बुडते. म्हणून जिल्ह्यातच औषध मिळणं गोळीइतकंच मोलाचं. वयात आलेल्या पोरांची अडचण निराळीच: वसतिगृहात गोळ्यांची डबी कुणाला न दिसता ठेवायची कुठं?