खडकवासला परिसरातील पक्ष्यांची वीण आणि ऋतुमान

पुणे शहराच्या नैर्ऋत्येस मुठा नदीवर १८७९ मध्ये पूर्ण झालेल्या खडकवासला धरणाच्या जलाशयाभोवती पक्ष्यांच्या विणीचे, म्हणजे जोडी जमण्यापासून पिल्ले उडती होईपर्यंतच्या काळाचे, दोन हंगाम स्पष्टपणे वेगळे दिसतात : एक मार्च ते जूनचा, ज्यात पाणी ओसरून उघड्या पडलेल्या काठावर आणि माळावर जमिनीलगत अंडी घालणारे पक्षी आपली वीण उरकतात, आणि दुसरा पावसाळ्याचा, ज्यात गवत, किडे व ओलावा यांवर अवलंबून असलेले पक्षी घरटी बांधतात. उत्तर ध्रुवीय प्रदेशात विणीची वेळ बर्फ कधी वितळते यावर ठरते. खडकवासल्यात ती पाणी कधी ओसरते आणि कधी येते यावर ठरते. सुमारे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावरील या ठिकाणी वर्षातला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास आणि सर्वांत लहान दिवस अकरा तासांच्या आसपास असतो, त्यामुळे दिवसमानाचा फरक ध्रुवप्रदेशाच्या मानाने किरकोळच म्हणावा लागतो.

उन्हाळी हंगामातील सर्वांत परिचित पक्षी म्हणजे टिटवी. ती घरटे असे बांधत नाहीच. जमिनीत उथळ खळगा करून त्याभोवती खडे मांडते आणि त्यात बहुधा चार अंडी घालते, ज्यांची निमुळती टोके आतल्या बाजूस वळलेली असतात, त्यामुळे ती कमी जागेत मावतात आणि पोटाखाली नीट झाकली जातात. एप्रिल-मेच्या दुपारी अंडी उबवण्यापेक्षा ती थंड राखणे हेच काम मोठे असते. त्यासाठी नर-मादी आळीपाळीने अंड्यांवर उभे राहून सावली धरतात आणि पाण्यात पोटाची पिसे भिजवून आणून तो ओलावा अंड्यांना देतात, म्हणूनच पाण्याचे अंतर टिटवीच्या विणीत निर्णायक ठरते. अंडी उबण्यास सुमारे चार आठवडे लागतात, आणि बाहेर आलेली पिल्ले काही तासांतच चालू लागत असली तरी त्यांना उडता येण्यास पुढे आणखी आठवडे जावे लागतात. टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस भरपूर होतो, असा समज शेतकऱ्यांत रूढ आहे. भीमा खोऱ्यातील जलाशयांच्या व नद्यांच्या उघड्या काठांवर कंठेरी चिखल्या, नदी सुरय आणि पाणभिंगरी हे पक्षीही याच काळात जमिनीवर अंडी घालतात.

या पक्ष्यांच्या दृष्टीने धरणाचे व्यवस्थापन हाही हवामानाचाच एक घटक होऊन बसला आहे. खडकवासल्याची साठवण सुमारे २ टीएमसी, म्हणजे २ अब्ज घनफूट, तर वरच्या अंगाच्या पानशेतची साडेदहा आणि वरसगावची बारा टीएमसीहून अधिक. वरच्या धरणांतले पाणी खडकवासल्यात सोडून तेथून ते शहराला आणि उजव्या मुठा कालव्याला दिले जाते. त्यामुळे सिंचनाच्या उन्हाळी आवर्तनासाठी पाणी सोडले की पावसाचा थेंब नसतानाही या लहान जलाशयाची पातळी वर सरकू शकते, आणि आदल्या पंधरवड्यात कोरड्या काठावर घातलेली अंडी पाण्याखाली जाऊ शकतात. सपाट, मंद उताराच्या काठावर पातळीतली थोडी वाढही पाण्याची कड बरीच आत आणते. या परिसरातील पक्ष्यांच्या नोंदी पावसाच्या आकड्यांबरोबर जलाशयाच्या रोजच्या पातळीशी ताडून पाहणे म्हणूनच अत्यावश्यक आहे.

मोसमी पाऊस पुण्यात सर्वसाधारणपणे जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास पोहोचतो, पण सालोसाल त्यात मोठा फरक पडतो. २०२३ मध्ये तो जूनच्या अखेरीकडे आला, तर २०२५ मध्ये २६ मे रोजीच दाखल झाला. मेच्या मध्यास घातलेल्या टिटवीच्या अंड्यांना २०२५ सारख्या वर्षी उबण्याचा अवधी अपुरा पडतो. उलट पाऊस लांबला की अंडी सुरक्षित राहतात, परंतु पिल्लांना लागणारे किडे उशिरा निघतात. एकाच वर्षाचा पाऊस एका जातीला लवकर आणि दुसरीला उशिरा ठरू शकतो.

पावसाळी हंगामात सुगरणीची वीण ठळकपणे दिसते. नर गवताच्या किंवा उसाच्या पात्याच्या कडेला चोचीने खाच पाडतो, ते टोक धरून उडतो आणि पात्याची लांब चिरफळी सोलून नेतो. हिरवे, लवचीक पाते मिळेपर्यंत हे विणकाम शक्य नसल्याने पाऊस हाच तिच्या हंगामाचा खरा आरंभ होय. पाण्यावर झुकलेल्या बाभळींवर ही घरटी लोंबतात आणि ती पुष्कळदा झाडाच्या पूर्वेकडील बाजूस असतात, कारण नैर्ऋत्येकडून येणारा मोसमी वारा तेथे अडतो. अर्धवट विणलेले घरटे मादी तपासते व पसंत पडल्यास त्यात राहते, मग नर दुसरे घरटे घेतो. सुगरणीचे हे बहुपत्नीत्व पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांनी अलिबागजवळच्या किहीम येथे अभ्यासून १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. याच सुमारास आफ्रिकेतून आलेला चातक सातभाईंच्या घरट्यात आपली अंडी घालतो, तेव्हा त्याची वीण यजमानांच्या विणीवर, आणि म्हणून अप्रत्यक्षपणे पावसावरच बेतलेली असते.

ध्रुवप्रदेशाशी खडकवासल्याचा थेट संबंध येतो तो छोट्या टिलव्यामुळे. चिमणीएवढा हा चिखलपक्षी स्कँडिनेव्हियाच्या उत्तर टोकापासून रशियाच्या टुंड्रापर्यंत, म्हणजे ध्रुवीय वृक्षहीन भूमीत, जून-जुलैमध्ये वीण करतो आणि हिवाळा येथे काढतो. बर्फ उशिरा वितळले तर अंडी उशिरा पडतात आणि किड्यांचा अल्पकालीन बहर पिल्लांच्या हाती लागत नाही. शिवाय ज्या वर्षी लेमिंग हे उंदरासारखे प्राणी कमी होतात, त्या वर्षी ध्रुवीय कोल्हे व स्कुआ पक्षी टिलव्यांच्या अंडी-पिल्लांकडे वळतात. या अनिश्चिततेवर उपाय म्हणून मादी कधी कधी दोन वेळा चार-चार अंडी घालते, एक घरटे नर उबवतो आणि दुसरे ती स्वतः. प्रौढ पक्षी ऑगस्टपासून आणि त्या वर्षीची पिल्ले त्यांच्या मागाहून दक्षिणेकडे येतात. पाठीवरच्या पांढऱ्या रेघा आणि फिकट किनारीची ताजी पिसे यांवरून ती ओळखू येतात. मात्र त्या वेळी जलाशय काठोकाठ भरलेला असल्याने चिखल थोडाच मिळतो, आणि पाणी ओसरून थवे काठावर स्थिरावेपर्यंत पिसे बदलू लागलेली असतात, त्यामुळे टुंड्रातला जून कसा गेला हे खडकवासल्याच्या काठावर पिल्लांच्या प्रमाणावरून मोजण्याची मुदत मुख्यतः सप्टेंबर-ऑक्टोबरपुरती राहते.