जनरल रजिस्टरमधली एक ओळ

आपल्या वर्गात १ जून हाच वाढदिवस असणारी मुले किती होती, आठवते का? मराठवाड्यातल्या शाळांच्या जुन्या जनरल रजिस्टरात ही तारीख पानोपानी भेटते. जन्माची नोंद नसलेल्या मुलाचे वय गुरुजी अंदाजाने ठरवत आणि त्याला शाळेत बसवून घेत. शाळा जूनमध्ये उघडे, म्हणून जन्मही जूनचाच! आपण त्यावर हसत आलो. पण त्या एका ओळीने कित्येकांना शिक्षणाची वाट मिळाली.

निजामाच्या काळात परभणीच्या मुलांपुढे भाषेची भिंत होती. वरचे शिक्षण उर्दूतून, आणि १९१८ चे उस्मानिया विद्यापीठ दूर हैदराबादला. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान मुक्त झाले. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय काढले. तेच पुढे ‘मिलिंद’ झाले. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ आले, १९७२ मध्ये परभणीतच कृषी विद्यापीठ.

भाषेची भिंत पडली, कागदाची राहिली. विमुक्त-भटक्यांच्या मुलाला जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्याचा आजा पालं पाठीवर घेऊन गावोगाव फिरला, त्याने कोणत्या गावचा पुरावा आणायचा? यांतल्या काही जमातींवर १९५२ पर्यंत कायद्यानेच गुन्हेगारीचा शिक्का होता. त्यांची नावे पोलिसांच्या हजेरीत सापडत, शाळेच्या पटावर नाही.

गंगाखेड, सोनपेठ, पालमकडची ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात. मुलाचे नाव गावच्या पटावर राहते आणि मूल उसाच्या फडावर, कोपीत. हंगामी वसतिगृहांनी काही मुले गावात थांबली, सगळी नाही.

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारण्यास मनाई केली. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, तरी प्रवेश अडवता येत नाही. आपले गुरुजी जे समजुतीने करत, ते आता कायद्यात आले. पण हा हक्क वयाच्या १४ वर्षांपर्यंत आणि आठवीपर्यंतचा. पुढे शिष्यवृत्तीला जातीचा दाखला, इंजिनिअरिंगच्या राखीव जागेला जातवैधता प्रमाणपत्र. ते मिळवताना बापाच्या किंवा आजाच्या शाळेतली जुनी नोंद हा मोठा आधार असतो.

म्हणून एक सुचवते. स्नेहमेळाव्याच्या निधीतून रंगरंगोटी होईलच. त्याबरोबर शाळेची जुनी रजिस्टरे स्कॅन करून नावांची सूची करू. पाने पिवळी पडली आहेत, कडा तुटताहेत. तांत्रिक काम मी बघते. जुनी अक्षरे वाचायला निवृत्त गुरुजी आणि बाई लागतील. उद्या एखादी नात आजोबांचा प्रवेश-निर्गम उतारा मागायला आली, तर ‘पान फाटलंय’ हे उत्तर तिला आपल्या शाळेतून मिळू नये.