क्रोम सायलेन्सरचा उष्णताजन्य रंगबदल

क्रोम सायलेन्सरचा उष्णताजन्य रंगबदल म्हणजे क्रोमियमचा मुलामा दिलेली वाहनाची एक्झॉस्ट नळी इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंमुळे पिवळी, तपकिरी, जांभळी किंवा निळी पडण्याची प्रक्रिया होय. दुचाकींमध्ये हा बदल प्रामुख्याने सिलिंडरला जोडलेल्या वळणदार नळीवर, म्हणजेच 'बेंड पाईप'वर दिसतो. किंचित पिवळसरपणा नव्या वाहनातही येतो. मात्र गडद निळा रंग बहुधा इंजिन प्रमाणाबाहेर तापत असल्याचे लक्षण असतो. त्यामुळे प्रतिबंधाचे मुख्य उपाय नळीच्या पृष्ठभागाशी नव्हे, तर इंजिनाच्या जुळणीशी संबंधित आहेत. सातारा व सांगली जिल्ह्यांत घाटरस्ते, उंचीतील फरक आणि पावसाचे असमान प्रमाण यांमुळे या प्रश्नाला स्थानिक पैलूही आहेत.

स्वरूप

क्रोमियमच्या विद्युत मुलाम्याचा व्यापारी वापर १९२० च्या दशकात सुरू झाला. पोलादी नळीवर प्रथम निकेलचा तुलनेने जाड थर आणि त्यावर क्रोमियमचा थर दिला जातो. शोभेच्या मुलाम्यात क्रोमियमचा थर सामान्यतः एक मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो.

धातू तापल्यावर त्याच्या पृष्ठभागावरील ऑक्साइडचा पारदर्शक थर जाड होतो. या थराच्या वरच्या व खालच्या पृष्ठभागांवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशलहरींच्या व्यतिकरणामुळे रंग दिसतात. पावसाळ्यात रस्त्यावरील पाण्यावर तेलाचा तवंग रंगीत दिसतो, त्यामागेही हेच तत्त्व आहे. थर जाड होत जातो तसा रंग पिवळा, तपकिरी, जांभळा व निळा या क्रमाने बदलतो. मुलामा नसलेले गंजरोधक पोलाद साधारण ३०० अंश सेल्सिअसला फिकट पिवळे आणि ५५० अंशांच्या आसपास निळे होते.

कारणे

* हवेच्या मानाने इंधन कमी असलेले, म्हणजे 'लीन' मिश्रण.
* ठिणगी उशिरा पडणे. यामुळे ज्वलन लांबते आणि अधिक तप्त वायू नळीत येतात.
* सिलिंडर व नळी यांमधील गॅस्केट खराब झाल्याने नळीत बाहेरची हवा शिरणे. न जळलेले इंधन मग नळीतच पेटते.
* एक्झॉस्ट व्हॉल्व्हचे टॅपेट प्रमाणापेक्षा घट्ट असणे.
* वाहन उभे ठेवून इंजिन दीर्घकाळ चालू ठेवणे.
* मूळ सायलेन्सर काढून मोकळा सायलेन्सर बसवणे आणि त्यानुसार कार्बोरेटरचे जेट न बदलणे.

सातारा व सांगली परिसर

सातारा जिल्ह्यात खंबाटकी, पसरणी, केळघर व कुंभार्ली हे घाट आहेत. चढावर वाहन खालच्या गिअरमध्ये व कमी वेगाने चालते. इंजिनावर ताण असतो, परंतु नळीला थंड करणारा वारा कमी मिळतो. उतारावर थ्रॉटल बंद असताना सायलेन्सरमधून फटफट आवाज येत असेल, तर नळीच्या जोडातून हवा शिरत असण्याची शक्यता असते.

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर, तर सांगली सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. उंचावर हवा विरळ असल्याने कार्बोरेटरचे मिश्रण इंधनाने समृद्ध होते. ते तेथे कमी करून घेतलेली गाडी कृष्णाकाठच्या सखल भागात आणल्यावर मिश्रण लीन ठरते व नळी अधिक तापते. त्यामुळे जुळणी नेहमीच्या वापराच्या ठिकाणी करणे योग्य ठरते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांच्या इंधन-इंजेक्शन असलेल्या वाहनांत संवेदकांच्या साहाय्याने मिश्रण आपोआप जुळवले जाते.

महाबळेश्वर व पाटणकडील अतिवृष्टीच्या भागात ओलावा, तर माण, खटाव, जत व आटपाडी या अवर्षणप्रवण तालुक्यांत धूळ हा मुलाम्याच्या देखभालीतील प्रमुख प्रश्न आहे.

प्रतिबंध

१. नवी नळी बसवल्यावर इंजिन प्रथम सुरू करण्यापूर्वी तिच्यावरील तेल, ग्रीस व बोटांचे ठसे पूर्णपणे पुसावेत. ते तापून कायमचे डाग पडतात.
२. मिश्रण, ठिणगीची वेळ व टॅपेट निर्मात्याच्या पुस्तिकेनुसार ठेवावेत. स्पार्क प्लगचे टोक पांढरे पडणे हे लीन मिश्रणाचे, तर फिकट तपकिरी असणे योग्य ज्वलनाचे चिन्ह मानले जाते.
३. नळी काढल्यावर दर वेळी नवे गॅस्केट वापरावे.
४. दुहेरी भिंतीची नळी, उष्णतारोधक पत्रा किंवा नळीच्या आतील सिरॅमिक लेप यांमुळे बाह्य पृष्ठभाग कमी तापतो.
५. घाट चढून आल्यावर नळी निवल्याशिवाय पाणी मारू नये. अचानक थंड झाल्याने मुलाम्याला सूक्ष्म तडे जाऊ शकतात.
६. नळीवर उष्णतारोधक पट्टी गुंडाळल्यास तिच्यात ओल साचून पोलाद गंजते. पावसाळी भागात हा उपाय हानिकारक ठरतो.

डाग काढणे

वितळलेला रेनकोट किंवा चपलेचा तळ चिकटून पडलेला काळा डाग हा रंगबदल नव्हे. तो नळी थंड असताना लाकडी पट्टीने खरवडता येतो. सौम्य पिवळसरपणा क्रोमसाठीच्या बारीक पॉलिशने कमी होतो. जाड काचकागदामुळे पातळ मुलामा निघून जातो. हायड्रोक्लोरिक आम्लयुक्त शौचालय-स्वच्छक वापरल्यास क्रोमियमच विरघळते. मूळ कारण दूर न केल्यास रंग पुन्हा येतो.

परिणाम

रंगबदल स्वतः नळीला फारशी हानी करत नाही. परंतु त्याकडे केवळ शोभेचा प्रश्न म्हणून पाहिल्यास लीन मिश्रणामुळे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळणे किंवा पिस्टनला इजा होणे असे मोठे बिघाड संभवतात. नळीला पुन्हा मुलामा देण्याच्या पारंपरिक पद्धतीत क्रोमिक आम्ल वापरले जाते. त्यातील षट्संयुजी क्रोमियम मानवात कर्करोगकारक असल्याचे सिद्ध झाले आहे. कारागिरांचे आरोग्य आणि सांडपाणी या दोन्ही दृष्टींनी, पुन्हा मुलामा देण्याची वेळच येऊ न देणे अधिक हितकारक ठरते.