पेडण्याचे डॉक्टर आणि छायाचित्रणाची विद्या

स्मरणिकेसाठी मंडळाचे जुने फोटो आम्ही यंदा एकत्र केले. पावसाळी ओलीने कागद एकमेकांना चिकटलेले, काहींवर बुरशी. मखर ओळखू येते, मूर्ती ओळखू येते. मागे उभी असलेली माणसे कोण, हे सांगणारे मात्र आता थोडेच उरले आहेत. या कामात मदतीला आलेली एका सभासदाच्या घरची मुलगी म्हणाली, 'मला यातच पुढे शिकायचे आहे.' घरच्यांचा प्रश्न ठरलेला: फोटो काढायला विद्यापीठ कशाला? आम्ही स्वतः पदविकेवर थांबून सरकारी नोकरीला लागलो, तेव्हा उपदेशाचा अधिकार आम्हाला नाही. पण या प्रश्नाचा इतिहास शोधू लागलो, तर वाट आपल्या पेडणे महालातूनच निघाली.

डॉ. भाऊ दाजी लाड हे नाव सर्वांना ठाऊक आहे. हे घराणे मूळचे पेडण्याचे, पुढे मुंबईला गेलेले. शिलालेखांचे वाचन आणि वैद्यक यांमुळे भाऊंची कीर्ती राहिली. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी मात्र आपल्या स्मरणातून निसटले. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांत नारायण दाजी होते. १८५७ मध्ये बंगालच्या सोसायटीच्या प्रदर्शनातही त्यांची छायाचित्रे मांडली गेली.

त्या काळी फोटो काढणे म्हणजे बटण दाबणे नव्हे. काचेवर कोलोडिअनचा थर ओतायचा, अंधारात ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि सुकण्याआधी धुवायची. मुंबईच्या उकाड्यात एवढे करायला हाताशी मिनिटे किती! हेच कोलोडिअन डॉक्टर जखमेवर लावत. वैद्यकाच्या माणसाला ते परके वाटले नसणार, असा आमचा आपला तर्क.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. आपल्याकडच्या पहिल्या व्यावसायिक छायाचित्रकारांपैकी हरिश्चंद्र चिंतामण हे त्याच वर्गातले. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. म्हणजे विद्यापीठ व्हायच्या दोन वर्षे आधी हा विषय वर्गात शिकवला जात होता!

नंतर काय झाले? स्टुडिओ वाढले, पणजीतही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सौझा आणि पॉल यांचा स्टुडिओ होता. पण विद्या अंधाऱ्या खोलीत गेली. उस्तादाच्या हाताखाली राहायचे, ट्रे धुवायचे, पाहून शिकायचे. त्यातून उत्तम कारागीर घडले, यात शंका नाही. पण आपण काय टिपतो आणि कोणाला वगळतो, हा प्रश्न तिथे कोण विचारणार? कला महाविद्यालयांत छायाचित्रण बहुधा उपयोजित कलेच्या सोबतीने आले. आपले गोवा कला महाविद्यालय १९७२ चे. आज स्वतंत्र पदव्युत्तर शिक्षणासाठी मुले गांधीनगरच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेकडे पाहतात.

परदेशातील कला विद्यापीठांत याला 'विस्तारित माध्यमे' अशी जोड असते. फोटो चौकटीतच राहत नाही. त्याला ध्वनी, चलचित्र, जुनी कागदपत्रे जोडून अख्खी खोली मांडली जाते. ऐकायला अवघड वाटते. पण आपल्या अंत्रुजातली माटोळी काय असते? रानातली फळे, वेली, सुपारीचे घोस यांनी छत मांडायचे, आणि काही दिवसांत ते उतरवायचे. माशेलचे चलचित्र देखावे पाहायला तर आपण गाड्या करून जातो. माटोळीची स्पर्धा होते, बक्षिसे मिळतात; पण कोणत्या घरात कोणते फळ कुठून आणून बांधले, त्याची नोंद किती जणांनी ठेवली?

त्या मुलीने आमच्या पेटीतले चिकटलेले फोटो एकेक करून सोडवले आणि प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने क्रमांक घातला. आता ती वाड्यावाड्यावर वयस्करांकडे ते घेऊन फिरते, नावे विचारते, बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करते. परवा तिच्या वडिलांनी प्रवेश परीक्षेच्या तारखा आम्हाला विचारल्या. पेटी आम्ही तिच्याकडेच ठेवली आहे. ज्यांच्या घरी जुने फोटो असतील त्यांनी चतुर्थीनंतर तिला घरी बोलवावे.