रेव्हरंड ना. वा. टिळक: अभंगातून ख्रिस्त सांगणारे कवी

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) हे मराठी कवी आणि प्रोटेस्टंट ख्रिस्ती विचारवंत. कोकणातल्या ब्राह्मण कुटुंबात जन्मलेल्या टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत घरालाही मोजावी लागली. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. पुढे त्याही ख्रिस्ती झाल्या, पण स्वतःची खात्री पटल्यावरच. ही सगळी हकिगत त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आहे.

टिळकांचा मुख्य विचार काय होता? ख्रिस्ती होण्यासाठी साहेबी रीतिरिवाज उचलायची गरज नाही. तेव्हा मराठी चर्चमध्ये परदेशी चालींवरची भाषांतरित गीतं म्हटली जात. टिळकांनी अभंग आणि ओवीच्या वळणाची भजनं रचली, कीर्तनं केली. तुकारामांच्या अभंगांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत.

१९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही तिथे जागा होती. त्यांची भजनं मराठी चर्चमध्ये आजही गायली जातात. श्रद्धा नवी असली, तरी ती बोलायला मायबोली पुरते, हे त्यांनी दाखवून दिलं.