चांदोद : नर्मदातीरीचे एक छोटे स्थानक

बडोदे शहराचा इतिहास लिहिताना राजवाडे, कलाभवन, ग्रंथालये आणि विद्यापीठ यांचे स्मरण अगत्याने होते. या साऱ्या वैभवाला खेड्यापाड्यांशी जोडणाऱ्या अरुंद रुळांच्या वाट्याला मात्र क्वचितच चार ओळी येतात. डभोईहून नर्मदेकडे जाणाऱ्या फाट्याच्या टोकाला असलेले चांदोद हे अशा उपेक्षित स्थानकांपैकी एक. आकाराने ते लहान होते. पण बडोद्यातील मराठी कुटुंबांच्या धार्मिक आणि सांस्कृतिक जीवनात त्याचे स्थान लहान नव्हते.

या रेल्वेचा आरंभ तीर्थयात्रेसाठी नव्हे, कापसासाठी झाला. १८६१ साली बी. बी. अँड सी. आय. रेल्वेचा मोठा मार्ग दक्षिणेकडून बडोद्यापर्यंत पोहोचला. त्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि इंग्लंडच्या गिरण्यांना हिंदुस्थानच्या कापसाची निकड भासू लागली. कानम प्रांताच्या काळ्या जमिनीतला कापूस मियागामच्या स्थानकापर्यंत नेण्यासाठी महाराज खंडेराव गायकवाड यांनी १८६२ मध्ये डभोई-मियागाम दरम्यान अडीच फुटी रुळांची योजना अमलात आणली. हिंदुस्थानातील ही पहिली नॅरोगेज रेल्वे, आणि देशी संस्थानाने स्वतःच्या मालकीने उभारलेलीही पहिलीच. गंमत अशी की, या आगगाडीला आरंभी आग नव्हती! रूळ इतके हलके (दर यार्डाला अवघे १३ पौंड) की इंजिनाचा भार त्यांना पेलवेना. म्हणून डबे ओढण्याचे काम बैलांकडे आले. पुढे भक्कम रूळ टाकून १८७३ साली हा मार्ग नव्याने सुरू झाला.

मल्हाररावांच्या पदच्युतीनंतर १८७५ मध्ये दिवाण म्हणून आलेले राजा सर टी. माधवराव हे तंजावरकडील मराठी घराण्यातले. सयाजीराव महाराज अल्पवयीन असताना त्यांनी राज्यकारभाराची घडी बसविली. त्यांच्याच कारकिर्दीत, १८७९ साली, डभोईपासून एक फाटा बहादरपूरकडे व दुसरा चांदोदकडे गेला. १८८१ पर्यंत डभोईचा मार्ग गोयागेटवरून (आजचे प्रतापनगर) विश्वामित्रीस येऊन मिळाला आणि बडोद्याचा यात्रेकरू गाडीने थेट नर्मदेच्या उंबरठ्याशी जाऊ लागला.

चांदोद येथे नर्मदा व ओरसंग यांचा संगम आहे. गुप्त सरस्वती धरून भाविक त्यास त्रिवेणी मानतात. पितृकर्मासाठी हे क्षेत्र प्रसिद्ध. अस्थिकलश पदराआड घेऊन निघालेले कुटुंब, पर्वणीच्या स्नानासाठी निघालेल्या वृद्धा, पलीकडच्या करनाळीच्या कुबेराला जाणारे व्यापारी, बाजाराला निघालेले शेतकरी, या सर्वांना एकाच डब्यात बसविणारी ही गाडी होती. नर्मदेच्या काठाने वर गेले की गरुडेश्वर. १९१४ साली तेथे प. प. वासुदेवानंद सरस्वती टेंबेस्वामी समाधिस्थ झाले आणि कोकणापासून नागपूरपर्यंतच्या दत्तभक्तांच्या यात्रेत हा परिसर कायमचा आला.

चांदोदचा दुसरा धागा राष्ट्रीय चळवळीशी जुळतो. बडोद्याच्या सेवेत असलेले श्रीअरविंद घोष येथील गंगनाथ मठातील ब्रह्मानंदांच्या दर्शनास आले होते. याच गंगनाथाचे नाव धारण करणारे राष्ट्रीय विद्यालय बॅरिस्टर केशवराव देशपांडे यांनी काढले. १९१० मध्ये काकासाहेब कालेलकर या विद्यालयाचे आचार्य झाले; इंग्रज सरकारच्या रोषामुळे पुढे लवकरच ते बंद पडले. छोट्या रेल्वेने केवळ कापूस वाहिला नाही, तो असा.

याच सुमारास सयाजीराव महाराजांनी अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना पाचारण करून ग्रंथालय खाते स्थापिले. लाकडी पेट्यांत ग्रंथ भरून ते गावोगाव पाठविण्याची फिरत्या ग्रंथालयांची योजना त्यातलीच. वाहतुकीचा खर्च खाते सोशी, वाचकावर भार नसे. जो आडगावात राहतो त्याच्यापर्यंत आपण पोहोचले पाहिजे, ही दृष्टी पुस्तकाच्या पेटीमागे होती, तशीच ती खेड्याच्या स्थानकामागेही होती.

चांदोद हे मार्गाचे शेवटचे टोक. गाडी येथे थांबे, इंजिन सुटे होऊन दुसऱ्या बाजूला जोडले जाई आणि परतीचा प्रवास सुरू होई. वेग बेताचा, पण भाडे गरिबाला परवडणारे. १९४९ मध्ये बडोदे संस्थानाची रेल्वे बी. बी. अँड सी. आय. मध्ये विलीन झाली व १९५१ मध्ये पश्चिम रेल्वेचा भाग बनली. वाफेच्या इंजिनांची जागा डिझेलने घेतली. रस्ते सुधारले, एस. टी. गावात पोहोचली आणि अरुंद रुळांवरची वर्दळ ओसरत गेली.

पुढे डभोई-चांदोद मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाले आणि तो केवडियापर्यंत नव्याने वाढविण्यात आला. १७ जानेवारी २०२१ रोजी या विद्युतीकृत मार्गाचे व चांदोदच्या नव्या इमारतीचे उद्घाटन झाले. आता चांदोद हे टोक राहिले नाही. सरदार पटेलांच्या १८२ मीटर उंच पुतळ्याकडे जाणाऱ्या वाटेवरचे ते एक मधले स्थानक झाले आहे. हरणीच्या विमानतळावर उतरलेला प्रवासीही आज त्याच दिशेने जातो. मात्र त्याला चांदोदला थांबण्याचे कारण उरतेच असे नाही.

प्रगतीविषयी खंत करण्याचे प्रयोजन नाही. बैलांनी ओढलेल्या डब्यापासून विजेच्या गाडीपर्यंतचा हा प्रवास अभिमानाचाच आहे. तथापि रेल्वेची थोरवी तिच्या वेगाने मोजावी की थांब्यांनी, हा प्रश्न उरतोच. अस्थिकलश घेऊन निघालेल्या माणसाला वेगवान गाडी नको असते. आपल्या गावी थांबणारी हवी असते. रूळ उखडले की त्यांची खूण जमिनीवर फार काळ टिकत नाही. तिकिटे, वेळापत्रके, जुनी छायाचित्रे आणि वडीलधाऱ्यांच्या आठवणी हीच मग साधने उरतात, आणि ती जपण्याचे स्थान ग्रंथालयावाचून दुसरे कोणते?